पायदळाच्या सेक्शनमध्ये माणसे किती, हत्यारे कोणती आणि मशीनगन एकच का?

कादंबरी लिहू पाहणाऱ्या एका वाचकाने तीन प्रश्न विचारले आहेत. पायदळाच्या सेक्शनमध्ये नेमके किती जवान असतात, हा पहिला. कारण त्यांना एका ठिकाणी ८, दुसरीकडे ९, तिसरीकडे १० आणि आणखी एका ठिकाणी १३ असे आकडे सापडले आणि त्यांतला खरा कोणता ते कळेना. मशीनगन जर इतकी प्रभावी असते तर ती सगळ्यांनाच का देत नाहीत, हा दुसरा. तिसरा असा की त्यांच्या कथेत एक सेक्शन डोंगरमाथ्यावरची शत्रूची चौकी काबीज करते, ते जाणकाराला पटेल का. मी पायदळात शिपाई म्हणून भरती झालो आणि २६ वर्षांनी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मधली पाच वर्षे हवालदार या नात्याने सेक्शन सांभाळले. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो. जे जाहीर आहे तेवढेच यात येईल. कोणती पलटण कुठे आहे आणि तिच्याकडे आज काय आहे, यात मी शिरणार नाही आणि कादंबरीला त्याची गरजही नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. 'प्लाटून' आणि 'पलटण' ही मुळात एकाच शब्दाची दोन रूपे आहेत, पण अर्थाने ती पार दूर गेली आहेत. आमच्याकडे 'माझी पलटण' म्हणजे बटालियन, साधारण आठशे माणसांची. प्लाटून म्हणजे तिच्यातला तीसपस्तीस माणसांचा गट. वर्तमानपत्रांत 'तुकडी' हा शब्द दहा माणसांपासून दहा हजारांपर्यंत कशालाही लावतात, त्यामुळे तो टाळलेला बरा. उतरंड अशी आहे: तीन सेक्शनची एक प्लाटून, तीन प्लाटूनची एक रायफल कंपनी, आणि चार रायफल कंपन्यांच्या जोडीला मॉर्टर (उखळी तोफा) व रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे बाळगणारी सपोर्ट कंपनी आणि मुख्यालयाची माणसे मिळून पलटण. सेक्शनचा कमांडर हवालदार असतो, प्लाटूनचा बहुधा नायब सुभेदार किंवा सुभेदार, क्वचित नुकताच आलेला लेफ्टनंट. तुमच्या कथेत मेजरसाहेब थेट सेक्शनला हुकूम देताना दिसले, तर फौजेतला वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

आता मूळ प्रश्न. तुम्ही आकडा विचारला आहे, पण आकड्याच्या मागे दडलेला प्रश्न वेगळा आहे: सेक्शन कशासाठी असते? सेक्शन म्हणजे स्वतःच स्वतःला फायरचा आडोसा देऊन पुढे सरकू शकणारा सर्वांत लहान गट. उघड्यावरून धावणाऱ्या माणसाला वाचवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्याच वेळी शत्रूने मान खाली घातलेली असणे. आणि ती मान खाली घालायला लावणारे कोणीतरी शेजारून सतत फायर करत असले पाहिजे. म्हणून सेक्शनचे निदान दोन भाग हवेत. एक फायर करतो तेव्हा दुसरा हलतो. दुसरा जागा धरून फायर करू लागला की पहिला उठतो. या दोन भागांना एकाच माणसाने आवाजाने, हाताच्या खुणेने आणि नजरेने सांभाळायचे असते. रेडिओ आले तरी ही गोष्ट फारशी बदललेली नाही, कारण चारही बाजूंनी गोळीबार सुरू असताना कमांडर खरोखर किती माणसांवर लक्ष ठेवू शकतो याला माणसाच्या मेंदूची मर्यादा आहे. माझ्या अनुभवात ती सात-आठ माणसांपाशी येते. त्यापुढची माणसे हजर असतात, पण हाताशी नसतात.

ही रचना फार जुनी नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला कंपनी ही एका ओळीत उभ्या असलेल्या रायफलधाऱ्यांची फळीच असे. मशीनगन होती, पण ती इतकी जड की हल्ल्यात बरोबर नेणे अवघड. एका माणसाला उचलता येणारी लुइस गन मोठ्या संख्येने हाती आल्यावर चित्र पालटले. फेब्रुवारी १९१७ मध्ये ब्रिटिश सैन्याने प्लाटूनची नवी रचना ठरवली, तेव्हा चार सेक्शनना चार वेगळी कामे दिली: एक रायफलवाल्यांचे, एक हातबॉम्ब फेकणाऱ्यांचे, एक रायफल ग्रेनेडचे आणि एक लुइस गनचे. पुढे ही चारही कौशल्ये प्रत्येक सेक्शनमध्ये मुरली आणि दुसऱ्या महायुद्धात आपल्या पलटणींकडे जे दहा माणसांचे सेक्शन होते, त्याच्या मध्यभागी ब्रेन गन ही हलकी मशीनगन होती. आजचे भारतीय सेक्शन त्याच घराण्यातले आहे.

म्हणजे तुम्हाला सापडलेले सगळे आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या सैन्यांचे आहेत. भारतीय पायदळाचे सेक्शन दहा जणांचे. ब्रिटिशांचे आठ जणांचे, चार-चारच्या दोन फायर टीम. अमेरिकी लष्कराच्या पायदळाचे नऊ जणांचे: एक कमांडर आणि चार-चारच्या दोन टीम, प्रत्येक टीममध्ये एक हलकी मशीनगन आणि एक ग्रेनेड लाँचर. दुसऱ्या महायुद्धात हेच अमेरिकी सेक्शन बारा जणांचे होते. एका माणसाला इतके जण लढाईत सांभाळता येत नाहीत असा निष्कर्ष युद्धानंतर त्यांनी काढला आणि आकडा खाली आणला. तेरा हा आकडा अमेरिकी मरीन कोअरचा, एक कमांडर आणि चार-चारच्या तीन टीम. तिथे कमांडर तेरा माणसांना सांभाळत नाही, तीन टीम लीडरना सांभाळतो. त्यामुळे वर सांगितलेली मर्यादा मोडत नाही.

आणि यंत्रसज्ज पायदळात आकडा सेनापती ठरवत नाहीत, गाडीची बाके ठरवतात. आपल्याकडच्या बीएमपी-२ या चिलखती गाडीत, म्हणजे 'सारथ'मध्ये, तीन जणांचा चमू आणि मागे सात जवान बसतात. तिथे सेक्शन कागदावर दहाचे असले तरी जमिनीवर उतरणारे सातच. मात्र त्या सातांच्या पाठीशी गाडीची ३० मि.मी. तोफ असते, हे विसरून चालणार नाही.

आता तुमच्या उपयोगाचे, म्हणजे आपल्या रायफल पलटणीतल्या दहा जणांचे सेक्शन माणूस-माणूस करून पाहू. एनसीसी केलेल्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. पुढे दोन स्काउट. त्यांचे काम लढण्यापेक्षा आधी पाहण्याचे: झाड, बांध, वळण, पुलाखालची मोरी. त्यांच्या मागे सेक्शन कमांडर. तो सर्वांत पुढे नसतो, सर्वांत मागेही नसतो. स्काउटची खूण दिसेल आणि मागच्यांना आपली खूण दिसेल अशा जागी असतो. त्याच्याबरोबर रायफल ग्रुपचे जवान. आणि मग एलएमजी, म्हणजे हलक्या मशीनगनचा ग्रुप: सेक्शनचा टू-आयसी (उपकमांडर), जो बहुधा नाईक असतो, एलएमजी नंबर एक आणि नंबर दोन. नंबर एक गन चालवतो. नंबर दोन दारूगोळा देतो, गरम झालेली नळी बदलायला मदत करतो, टार्गेट दाखवतो आणि नंबर एक पडला तर त्याची जागा घेतो. हे तिघे कुठे बसणार, यावर बाकीच्या सातांचे आयुष्य अवलंबून असते. म्हणून सेक्शनमधला दुसऱ्या क्रमांकाचा अनुभवी माणूस गनपाशी ठेवतात.

गन ग्रुप शक्यतो बाजूला हवा, मागे नाही. मागे राहिला तर आपलीच माणसे त्याच्या आणि शत्रूच्या मध्ये येतात आणि ऐन वेळी फायर बंद करावा लागतो. बाजूला, काटकोनाच्या जवळपास कोन साधून बसला, तर हल्ला करणारे शत्रूपासून अगदी थोड्या अंतरावर पोहोचेपर्यंत गन चालू ठेवता येते. नवा सेक्शन कमांडर सर्वाधिक चुका इथेच करतो.

हे झाले कागदावरचे. प्रत्यक्षात मला पाच वर्षांत दहाच्या दहा माणसे एकत्र मिळाली ते दिवस बोटांवर मोजता येतील. एक रजेवर, एक कोर्सवर, एकाला ताप. गस्तीला निघताना सातच जण रांगेत. आकडा कमी झाला की कमांडर रायफलवाले कमी करतो, गन ग्रुपला हात लावत नाही. सातांतले तीन गनवर, चार रायफलवर. कादंबरीत तुम्ही दहाचे सेक्शन लिहिले आणि ते सदैव दहाचेच राहिले, तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर असूनही खोटे वाटेल.

तुमचा दुसरा प्रश्न मला विशेष आवडला, कारण भरती झाल्यावर पहिल्या महिन्यात मीही तोच विचारला होता आणि उस्तादांनी, म्हणजे शिकवणाऱ्या हवालदारांनी, उत्तर म्हणून माझ्या पिठ्ठूत (पाठीवरच्या पिशवीत) गोळ्यांच्या पेट्या भरून मला मैदानाला चकरा मारायला लावल्या होत्या. तुम्हाला चकरा नकोत, हिशेब पुरे. ७.६२×५१ मि.मी.ची एक गोळी साधारण २४ ग्रॅमची. मशीनगन मिनिटाला सहाशेच्या दराने चालते असे धरले, तर सेकंदाला दहा गोळ्या. म्हणजे घोडा दाबून धरला तर दर सेकंदाला जवळपास पाव किलो दारूगोळा खर्च होतो. दोनशे गोळ्यांचा बेल्ट जोडकड्यांसह साडेपाच किलोच्या आसपास भरतो आणि तसा चालवला तर वीस सेकंदांत संपतो. म्हणूनच गनर तीन ते पाच गोळ्यांचे छोटे बर्स्ट मारतो. आता दहा माणसे, दहा मशीनगन आणि प्रत्येकाला हवा तेवढा दारूगोळा, वर पाणी, खाणे, जॅकेट, गरम कपडे. ही माणसे डोंगर चढणार कशी? एका गनला नीट पोसायला पूर्ण सेक्शनचे खांदे लागतात. सेक्शनमध्ये गन एक आणि तिचे हमाल दहा, असे आम्ही गमतीने म्हणायचो, पण ती गंमत नव्हती.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका वाळवंटी युद्धसरावात माझ्या सेक्शनला हल्ल्यात पुढे काढले होते. त्या वेळी आमच्याकडे इन्सास एलएमजी होती, तीस गोळ्यांच्या मॅगझिनवर, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या डबीवर, चालणारी. माझा नंबर दोन हा कोल्हापूरकडचा धिप्पाड गडी, त्याला वजनाचे काही वाटत नसे. म्हणून मी सोयीसाठी गनची सगळी जादा मॅगझिन त्याच्याच पिठ्ठूत भरली आणि रायफलवाल्यांना हलके ठेवले, जेणेकरून ते वेगाने धावतील. गन ग्रुप एका टेकाडावर चढत असताना अंपायरने, म्हणजे सरावात कोण मेला कोण वाचला ते ठरवणाऱ्याने, त्या गड्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितले, तू मेलास, इथेच बस. नियमाप्रमाणे तो पिठ्ठूसकट तिथेच बसला. नंबर एक वर पोहोचला तेव्हा त्याच्याकडे गनवरचे एक आणि पाउचमधली तीन मॅगझिन होती. सव्वाशेही गोळ्या नाहीत. आम्ही रायफल ग्रुप घेऊन उघड्या वाळूत अर्ध्यावर पोहोचलो आणि डाव्या बाजूची गन थांबली. ती शांतता मला अजून आठवते. अंपायर माझ्याजवळ येऊन शांतपणे म्हणाला, "हवालदार, तुम्हारी गन चुप क्यों है?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर आमचे एक मिनिटही चालले नाही; अंपायरने चौघांना बसवले, मलाही.

त्या दिवसापासून माझ्या सेक्शनमध्ये प्रत्येक रायफलवाला, स्काउटसुद्धा, गनची निदान दोन मॅगझिन बाळगू लागला. बेल्टवर चालणारी गन असेल तर प्रत्येकाकडे बेल्टचा एक तुकडा. फायर सुरू होण्याआधी तो गनपाशी टाकायचा आणि मग पुढे जायचे. तुमच्या कथेत हल्ल्याआधी जवान एकेक करून गनरपाशी वाकून काहीतरी ठेवून जातात असे दाखवलेत, तर कोणीही काही न सांगता जाणकाराला कळेल, की लेखकाला विषय ठाऊक आहे.

हत्यारांकडे वळू. कथा कोणत्या सालात घडते यावर इथे बरेच अवलंबून आहे, म्हणून क्रमाने सांगतो. १९६२ च्या चीन युद्धात आपले सैनिक मुख्यतः .३०३ बोल्ट ॲक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका ओढाव्या लागणाऱ्या) रायफली आणि ब्रेन गन घेऊन लढले. त्या ब्रेनच्या वक्राकार मॅगझिनमध्ये तीस गोळ्या मावत, पण अडकू नये म्हणून अठ्ठावीसच भरण्याचा प्रघात होता. त्यानंतर ईशापूरची ७.६२ मि.मी. एसएलआर, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल, आली, जी १९७१ च्या युद्धात पायदळाची मुख्य रायफल होती. वीस गोळ्यांचे मॅगझिन, एका वेळी एकच गोळी, वजनाला दणकट आणि खांद्याला धक्का देणारी. पण जिथे लागेल तिथे माणूस बसत असे. नव्वदच्या दशकात पुण्याच्या पाषाण येथील एआरडीई या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने विकसित केलेली ५.५६ मि.मी. इन्सास आली. तिच्यात एक गोळी किंवा तीन गोळ्यांचा बर्स्ट, पूर्ण स्वयंचलित फायर नाही. तिच्याच कुटुंबातली एलएमजी असल्याने दोघींची गोळी एकच आणि एलएमजीचे मॅगझिन रायफलला बसत असे. सेक्शन कमांडरच्या दृष्टीने हा केवढा मोठा लाभ आहे, हे इन्सासवर टीका करणारे अनेकदा विसरतात. १९९९ च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनला तडे जात असल्याच्या तक्रारी झाल्या, हेही खरे. काश्मीर खोऱ्यातल्या जवानांची पसंती मात्र एके-४७ लाच राहिली, कारण तिथली चकमक बहुतेक वेळा घराच्या अंगणात किंवा मक्याच्या शेतात घडते.

२०१९ मध्ये अमेरिकी सिग सॉअर ७१६ या ७.६२×५१ रायफलींची ७२,४०० ची मागणी नोंदवली गेली आणि २०२४ मध्ये आणखी ७३,००० ची. मार्च २०२० मध्ये इस्रायली नेगेव्ह एनजी-७ या बेल्टवर चालणाऱ्या १६,४७९ हलक्या मशीनगनचा करार झाला. डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा करार झाला आणि त्या उत्तर प्रदेशातल्या अमेठी जिल्ह्यात कोरवा येथे तयार होत आहेत. त्यामुळे आजच्या घटनेवर लिहीत असाल तर एकाच ब्रिगेडमध्येही दोन पलटणींच्या हातात वेगळी हत्यारे असणे शक्य आहे. हा बदल एका रात्रीत होत नसतो.

इथे एका सापळ्यापासून सावध करतो. सिग, नेगेव्ह, एके-२०३ आणि ड्रागुनोव्ह स्नायपर रायफल, चारही '७.६२' च्या. वाचणाऱ्याला वाटते, गोळी एकच. तसे नाही. सिग आणि नेगेव्ह ७.६२×५१ चालवतात, एके-२०३ आणि एके-४७ आखूड ७.६२×३९; ड्रागुनोव्ह ७.६२×५४, तीही कडेला ओठ असलेली. दुसरा आकडा काडतुसाच्या केसच्या, म्हणजे धातूच्या नळीच्या लांबीचा आहे आणि या तीन प्रकारांतली एक गोळी दुसरीच्या हत्यारात चालत नाही. सिग आणि नेगेव्हची गोळी एकच असली तरी एक मॅगझिनमध्ये सुट्टी भरली जाते आणि दुसरी कड्यांनी जोडलेल्या बेल्टमध्ये असते. अंधारात, बोटे गारठलेली असताना बेल्टमधून गोळ्या सोडवून मॅगझिन भरणे हे काम करून पाहावे, मगच 'गोळी एकच आहे' असे म्हणावे. पेटीवर बाहेर काय छापले आहे ते पूर्ण वाचून मगच पेटी उचलायची, ही सवय आम्ही नव्या जवानांना पहिल्याच आठवड्यात लावत असू. तुमच्या नायकाने मेलेल्या शत्रूच्या एकेचे मॅगझिन काढून आपल्या सिगला लावले असेल, तर तो प्रसंग काढून टाका.

मग सगळ्यांना एके का देत नाहीत? कारण अंतर. आखूड गोळी तीनशे मीटरपर्यंत चांगले काम करते आणि हलकी असल्याने जास्त बाळगता येते. नियंत्रण रेषेवर समोरच्या डोंगरावरचा माणूस पाचशे मीटरवर असतो, तिथे मोठी गोळी हवी. मला विचाराल तर गस्त आणि गावातल्या शोधमोहिमेसाठी मी एकेच निवडेन, आणि डोंगरावरच्या चौकीत बसायचे असेल तर जड रायफल आणि बेल्टची गन. दोन्हींसाठी उत्तम असे एकच हत्यार मी अजून पाहिलेले नाही.

बाकीची हत्यारे थोडक्यात. हातबॉम्ब प्रत्येकाकडे असतो. जुन्या ३६ नंबरच्या जागी आता नागपूरच्या कारखान्यात तयार झालेले मल्टी-मोड ग्रेनेड आले आहेत, ज्यांत बाहेरचे कवच चढवले तर तुकडे दूरवर उडतात आणि काढले तर मुख्यतः स्फोटाचा दणका बसतो. पहिला प्रकार आपण आडोशाला असताना, दुसरा आपण स्वतः उघड्यावर पुढे जात असताना. एखाद्या रायफलखाली ग्रेनेड लाँचर बसवलेला असतो. पण ८४ मि.मी. कार्ल गुस्ताफ रॉकेट लाँचर आणि ५१ मि.मी. मॉर्टर ही प्लाटूनची हत्यारे, तर मीडियम मशीनगन, ८१ मि.मी. मॉर्टर आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे त्याहून वरची. ती सेक्शनला कामापुरती जोडून दिली जातात. जुलै २०२५ मध्ये द्रास येथे लष्करप्रमुखांनी प्रत्येक पायदळ पलटणीत ड्रोन प्लाटून असल्याचे जाहीर केले, म्हणजे ड्रोनही सध्या सेक्शनच्या नव्हे तर पलटणीच्या पातळीवर आहे. कथेत प्रत्येक सेक्शनकडे स्वतःचे रॉकेट लाँचर, मॉर्टर आणि ड्रोन दिसू लागले तर ते सेक्शन राहत नाही.

बंडखोरीविरोधी मोहिमेत मात्र वर सांगितलेली मांडणी बरीच सैल होते. तिथे लढण्याचे एकक बडी, म्हणजे जोडी. एक दरवाजा पाहतो, दुसरा खिडकी. एक झोपतो, दुसरा जागतो. अशा वेळी मशीनगन घराच्या मागच्या वाटेवर रोखून बाहेरच्या घेऱ्यात ठेवतात, कारण आत गावकरी असतात आणि भिंती गोळी थांबवत नाहीत.

आता तिसरा प्रश्न. एक सेक्शन एकट्याने चौकी घेऊ शकत नाही असे मी सरसकट म्हणणार नाही, पण चौकी म्हणजे काय यावर ते अवलंबून आहे. बांधलेल्या बंकरमध्ये बसलेल्या शत्रूवर हल्ला करायला मैदानात तिप्पट माणसे लागतात असा सर्वसाधारण आडाखा आहे, आणि डोंगरात चढावर त्याहून कितीतरी अधिक. माथ्यावर शत्रूचे दहा जण असतील तर त्यांच्यावर पूर्ण प्लाटून, किंबहुना कंपनी, तोफखान्याच्या पाठिंब्याने आणि शक्यतो रात्री जाते. त्या मोठ्या हल्ल्यात सेक्शनच्या वाट्याला येतो तो एक बंकर किंवा एक मशीनगन. तुमची कथा तेवढ्यापुरती ठेवलीत तर ती खरीही होईल आणि मला वाटते जास्त उत्कटही.

याचे आपल्या मराठी वाचकांना जवळचे उदाहरण आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका कंपनीने हल्ला केला. त्या हल्ल्यातल्या एका रायफल सेक्शनचा कमांडर होता रायगड, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातला बावीस वर्षांचा नाईक यशवंत घाडगे. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्याच्या सेक्शनमधला एकही जण धड उरला नाही. तो एकटाच उभा राहिला. तो तसाच मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेला. आधी हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा संपवला, मग टॉमीगनने, म्हणजे जवळून मारा करणाऱ्या सबमशीनगनने, आणखी एकाला मारले, आणि मॅगझिन बदलायला वेळ नसल्याने टॉमीगन नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केले. नंतर लपलेल्या स्नायपरच्या गोळ्यांनी त्याच मोर्च्यात त्याला मरण आले. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

शौर्याबद्दल मी वेगळे काय सांगणार? पण सेक्शनच्या रचनेच्या दृष्टीने त्या प्रसंगात तीन गोष्टी दिसतात. कंपनीच्या हल्ल्यात एका सेक्शनसमोर एक मशीनगन होती. ती एक गन काही क्षणांत पूर्ण सेक्शन निकामी करू शकली. आणि कमांडरकडे रायफल नव्हती, टॉमीगन होती, कारण त्या काळी कमांडरने दूरवर नेम धरत बसणे अपेक्षित नव्हते. त्याने माणसे पाहायची, आणि हत्यार लागलेच तर ते शेवटच्या वीस पावलांसाठी.

शेवटी तुमच्या संवादांसाठी थोडे. जवान आपसांत 'शस्त्र' म्हणत नाहीत, 'हत्यार' म्हणतात. 'मशीनगन' म्हणत नाहीत, 'एलएमजी' किंवा नुसते 'गन'. सुभेदाराला 'साहेब' किंवा 'साब', शिकवणाऱ्या हवालदाराला 'उस्ताद'. मराठा पलटणीत बराकीतल्या गप्पा मराठीत चालतात, पण फायरचा हुकूम हिंदीत येतो आणि त्याचा क्रम ठरलेला असतो: कोणासाठी, किती अंतर, कुठे, कोण आणि कसा फायर करणार. "नंबर एक सेक्शन, तीन सौ, सामने अकेला पेड़, दाहिने दो बजे, बंकर, एलएमजी, फायर." यातला 'दो बजे' वेळेचा नाही, झाडावर घड्याळाची तबकडी ठेवली असे समजून दोनच्या काट्याकडे पाहायचे. हुकूम देताना कमांडर ओरडतो, पण अंतर आणि दिशा सांगताना मध्ये क्षणभर थांबतो, कारण तेवढ्या वेळात जवानांना साइट लावून नजर तिकडे फिरवायची असते. आणि हवालदार पडला तर टू-आयसी गनपाशी असल्याने त्याला आधी गनची जबाबदारी नंबर एककडे सोपवून पुढे यावे लागते. ते दहा-पंधरा सेकंद सेक्शनला कमांडर नसतो. तुमच्या कथेतला प्रसंग मी तिथे घडवला असता.